विसर्गासारखे दोन ठिपके

नारीनच्या शाळेत, वाचनालयामागची खोली.
कोळशाची शेगडी, खिडकीवर आतल्या बाजूनेही बर्फ.
खोक्यातून सात लॅपटॉप निघाले, हांबुर्गचे,
कुठल्याशा विमा कचेरीने वापरून सोडलेले.
एकाच्या पाठीवर अजून चिठ्ठी : उर्झुला, तिसरा मजला.

सायराकानने सातांवर लिनक्स घातले.
सहा मुकाट्याने कामाला लागले.
उर्झुलाचा उजळला, आवाज दिला, बोटाखाली बाण फिरला,
पण वाय-फाय म्हटले
की कानावर हात.

"बिघडलाय," म्हणत मुख्याध्यापक चहाला गेले.
दार लागले, थंडीचा एक लोट आत राहिला.

काळ्या खिडकीत ती एक ओळ टंकते
आणि यंत्र आपल्या पोटातले सगळे मोजून दाखवते :
हे चित्राचे, हे आवाजाचे, हे तारेचे.
प्रत्येकाच्या पोटी, जरा आत सरकून,
त्याला सांभाळणाऱ्या ड्रायव्हरचे नाव.
वाय-फायखाली मात्र
कोण सांभाळू शकेल, ते लिहिलेले;
कोण सांभाळतो, ती ओळच नाही.
आणि बाजूला आकडा :
ऐंशी-शहाऐंशी, विसर्गासारखे दोन ठिपके,
मग शून्य-आठ-बी-एक.

नदीचे मूळ, ऋषीचे कूळ विचारू नये म्हणतात आपल्याकडे.
इथे विचारल्याशिवाय पान हलत नाही.
ठिपक्यांच्या अलीकडे घराणे,
पलीकडे ज्याचा तो.
झाकणावरच्या चकचकीत नावावर जायचे नाही,
एका नावाचे, एका रंगाचे सात भाऊ
आत उघडून पाहिले की सावत्र निघतात.

तिलेक, सहावीतला, तिच्या खांद्यावरून वाचतो आहे.
इथल्या पोरांना सात बापांची नावे पाठ हवीत,
बाप, बापाचा बाप, असे मागे मागे.
परवा वर्गात तो तिसऱ्याला अडखळला
आणि बाकांवरून खसखस फिरली.
त्याचा बाप येकातेरिनबुर्गला विटा रचतो,
दोन हिवाळे झाले.
फोनवर आधी वारा येतो, मग तो.

"म्हणजे हे मोडलेलं नाही?" तिलेक विचारतो.
"ज्यानं बघायचं तो आलाच नाही, एवढंच?"

सायराकान बोलत नाही. नोंदी वर सरकवते.
सुरू होतानाच्या शेकडो ओळी, सेकंदाच्या तुकड्यांसकट,
आणि मध्ये, तांबडी, एक :
ड्रायव्हर आला होता.
दारापर्यंत आला होता.
फर्मवेअरची फाइल मागितली,
ती कुठेच नव्हती,
परत गेला.

तिलेक ती ओळ दोनदा वाचतो.
तिसऱ्यांदा ओठ न हलवता.

फाइल इंटरनेटवर, आणि इंटरनेट त्या फाइलीपलीकडे.
सायराकान हसते, खिशातून फोन काढते,
तडा गेलेली काच, पिवळी पडलेली केबल,
आणि फोनचेच नेट यंत्राला पाजते, थेंबथेंब.
टक्केवारी सरकते. शेगडीत कोळसा बसतो.
पुन्हा सुरू केल्यावर
कोपऱ्यात ती चंद्रकोरींची चढण दिसते :
शाळा. दवाखाना. कुणाचा तरी नुसता फोन.

एक अजून उरलेच आहे.
बोटाचा ठसा ओळखणारी चिंचोळी पट्टी.
तिचा आकडा आहे, घराणे आहे,
ड्रायव्हर अजून जगात कुणी लिहिलेला नाही.
"असू दे," सायराकान म्हणते,
"तिच्यावाचून काही अडत नाही."

तिलेक तरी वही काढतो.
मागच्या पानावर, दोन नावे आणि एक रेघ यांच्याखाली,
तो आकडा उतरवतो, सावकाश,
मधले दोन ठिपके इतके दाबून
की पुढच्या पानावर उमटतात.

मुख्याध्यापक येतात, मिशीवर दव.
"झाला दुरुस्त?"
तिलेक वही मिटतो.
सायराकान उर्झुलाची चिठ्ठी नखाने सोडवू लागते,
अर्धी निघते,
अर्धी राहू देते.